आधी गंधार ऐका, मग आवाजपेटी घ्या

श्रीरामपूर-राहात्याकडच्या लग्नाच्या वरातीत बँजो पार्टी वाजताना तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. त्यात एक जण आठ चौकोनी रबरी गाद्यांवर काठ्या मारीत असतो, आणि कधी ढोलकी, कधी ताशा, तर कधी झांज ऐकू येते. रबरातून ढोलकीचा आवाज कसा निघेल? अर्थातच तो रबरातून निघत नाही. या वाद्याला आपल्याकडे सगळे ऑक्टोपॅड म्हणतात. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ साली 'पॅड-८' नावाचा आपला पहिला ऑक्टोपॅड काढला, तेव्हा त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. काठी कोणत्या गादीवर पडली आणि किती जोराने पडली, एवढाच निरोप तो तारेतून दुसऱ्या एका पेटीकडे धाडीत असे. आवाज काढण्याचे काम त्या दुसऱ्या पेटीचे. अशा पेटीला साउंड मॉड्यूल म्हणतात. आपण तिला सोयीसाठी आवाजपेटी म्हणू.

या आवाजपेटीविषयी लिहिण्याचे कारण शाळांच्या कपाटात आहे. कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असला तरी आपल्याकडे त्याला 'कॅसिओ'च म्हणण्याची पद्धत आहे. असा एखादा कॅसिओ अनेक शाळांत पडून असतो. त्याच्या पट्ट्या धडधाकट असतात, पण आवाज पत्र्यासारखा येतो. स्नेहसंमेलन जवळ आले की जुना काढून नवा घ्यावा अशी चर्चा सुरू होते. नव्या कीबोर्डाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत चारशे आवाज, सहाशे आवाज असे छापलेले असते, आणि जिथे आकडा मोठा तिथे आपले मन धावते.

माझे मत असे की, जुन्या कीबोर्डाच्या पट्ट्या चांगल्या असतील तर संपूर्ण वाद्य नव्याने घेण्याचे कारण नाही. फक्त आवाजपेटी घ्यावी. आणि ती घेताना आवाजांची संख्या मोजण्याऐवजी एकच गोष्ट आधी पाहावी : तिच्यातले बारा स्वर आपल्याला हवे तसे वेगवेगळे जुळवता येतात की नाही. असे का म्हणतो, ते आता क्रमाने पाहू.

तारेतून जाते काय?

कीबोर्ड आणि आवाजपेटी यांना जोडणाऱ्या भाषेचे नाव मिडी. १९८१ साली अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी अशा एका सर्वसामान्य भाषेची कल्पना मांडली. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी जपानी कंपन्यांना या कामी एकत्र आणले. जानेवारी १९८३ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली आणि त्याच वर्षी तिचे नियम प्रसिद्ध झाले. २०२० साली तिची दुसरी आवृत्ती आली. पण पहिली भाषा आजही जगभर चालते. चाळीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड आज बनलेल्या आवाजपेटीशी बोलू शकतो, ही गोष्ट विजेच्या उपकरणांच्या दुनियेत विरळाच.

लक्षात घ्या, या तारेतून ध्वनी जात नाही. 'वाजव', 'अमुक क्रमांकाची पट्टी', 'इतक्या वेगाने दाबली' असा तीन बाइटचा निरोप जातो. मधल्या सप्तकातल्या पांढरी एकचा क्रमांक ६०. पट्टी दाबल्याचा वेग १ ते १२७ या अंकांत सांगतात. मिडीच्या तारेत दर सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एक बाइट पाठवायला आरंभीचा व शेवटचा बिट धरून १० बिट लागतात. म्हणजे एका बाइटला ०.३२ मिलिसेकंद आणि तीन बाइटच्या निरोपाला ०.९६ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतला ध्वनी जेमतेम ३३ सेंटिमीटर जातो. तेव्हा तारेमुळे होणारा उशीर तुमच्या कानाला कळणे शक्य नाही.

पण हाच हिशेब ब्लूटूथच्या बिनतारी स्पीकरला लावून पाहा. त्यात आवाज पोचायला १५० मिलिसेकंदही सहज लागू शकतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर हे ५१ मीटर दूर बसलेल्या वादकाच्या साथीने गाण्यासारखे झाले. मैदानाच्या पलीकडून कोणी पेटी वाजवावी आणि अलीकडे तुम्ही ताल धरावा, असे ते होईल. म्हणून आवाजपेटीपासून स्पीकरपर्यंत साधी तारच जोडावी.

आकड्यांची भूल

आवाजपेटीच्या पोटात खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने साठवलेले असतात. सीडीच्या दर्जाने मुद्रण करायचे तर दर सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापे घ्यावी लागतात आणि प्रत्येकाला २ बाइट लागतात. एका सेकंदाला ८८,२०० बाइट झाले. पियानोच्या ८८ पट्ट्यांचा प्रत्येकी १० सेकंदांचा आवाज साठवायचा, तर सुमारे ७७.६ मेगाबाइट जागा लागेल. आणि तीही एकाच जोराने वाजवलेल्या आवाजासाठी. स्वस्त पेटीत शेकडो वाद्यांना मिळूनही इतकी जागा नसते. मग ते करतात काय? तीन-चार पट्ट्यांसाठी एकच नमुना ठेवतात आणि तो कमीअधिक वेगाने वाजवून स्वर चढवतात-उतरवतात. एक पट्टी वर जायचे तर वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. नमुन्याचा थोडा भाग पुन्हा पुन्हा फिरवून आवाज लांबवतात.

दुकानात याची परीक्षा सोपी आहे. बासरीचा आवाज लावून खालून वर एकेक पट्टी सावकाश दाबत जा. जिथे आवाजाचा पोत एकदम बदलतो तिथे नमुना बदलला असे समजा. चारशे आवाजांपैकी दहा आवाज या परीक्षेत उतरले तरी पुष्कळ झाले. शाळेला वर्षभरात दहापेक्षा जास्त लागतच नाहीत.

१९९१ साली सर्व कंपन्यांसाठी १२८ आवाजांची एक समान यादी ठरली. तिला जनरल मिडी म्हणतात. त्या यादीत १०५ क्रमांकावर सतार आहे आणि ११२ क्रमांकावर सनई आहे. पण तंबोरा नाही, आपली हातपेटी नाही (२१ क्रमांकाचा रीड ऑर्गन तिच्या त्यातल्या त्यात जवळचा), आणि तालवाद्यांत तबलाही नाही. तबल्याचे प्रकरण अवघडच आहे. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिले की, शाईच्या भारामुळे आपल्या तबला-मृदंगांतून, इतर चर्मवाद्यांत न आढळणारे, मूळ स्वराच्या पूर्णांक पटीतले स्वर निघतात. बोट कुठे आणि कसे पडले यावर ना, ता, तीं हे बोल ठरतात. तेव्हा 'तबला' नावाचा एक नमुना पेटीत आहे एवढ्यावर भाळू नका. किती बोल आहेत ते वाजवून पाहा.

गंधाराचे दुखणे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कीबोर्डावर एका सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. एका पट्टीवरून पुढच्या पट्टीवर जाताना वारंवारता १.०५९४६ पट होते. बारा वेळा हा गुणाकार केला की बरोबर २ येतात. ही युक्ती फार उपयोगाची आहे, कारण मग कोणतीही पट्टी सा मानून गाणे वाजवता येते. पण तिची किंमत स्वरांना मोजावी लागते.

तंबोऱ्याच्या षड्जातून नीट ऐकले तर गंधार आपोआप ऐकू येतो. हा गंधार षड्जाच्या ५/४, म्हणजे १.२५ पट असतो. कीबोर्डावरचा गंधार मात्र १.२५९९ पट येतो. पांढरी एक, म्हणजे २६१.६३ हर्ट्झचा सा धरला, तर तंबोऱ्याचा गंधार ३२७.०३ हर्ट्झ आणि कीबोर्डाचा ३२९.६३ हर्ट्झ. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्या एका भागाला सेंट म्हणतात. कीबोर्डाचा गंधार सुमारे १४ सेंट चढा आहे. सरावलेल्या कानाला पाच-सहा सेंटचा फरकही जाणवतो.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा. कीबोर्डावर ऑर्गनसारखा स्थिर आवाज लावा. आवाज थरथरवणारे व घुमवणारे सर्व परिणाम बंद करा. आता मधल्या सप्तकातला सा आणि पंचम एकत्र दाबून धरा. प्रत्येक स्वरात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूक्ष्म उपस्वर मिसळलेले असतात. साचा तिसरा उपस्वर ७८४.८९ हर्ट्झ आणि पंचमाचा दुसरा ७८४.०० हर्ट्झ. फरक ०.८९. म्हणून आवाज सेकंदाला सुमारे एकदा हळूच फुगतो आणि ओसरतो. या चढउताराला भौतिकीत विस्पंद म्हणतात. पंचम जवळजवळ सुरेल आहे, म्हणून विस्पंद इतके संथ.

आता सा आणि गंधार एकत्र दाबा. साचा पाचवा उपस्वर सुमारे १३०८ हर्ट्झ, गंधाराचा चौथा सुमारे १३१८.५ हर्ट्झ. सेकंदाला दहा विस्पंद! ते मोजता येत नाहीत. एक प्रकारची खरखर जाणवते. हेच दोन स्वर एक सप्तक खाली वाजवा, विस्पंद निम्मे होतील आणि मोजण्याच्या आवाक्यात येतील. दोन पट्ट्या, दोन कान आणि एक घड्याळ एवढ्यावर होणारा हा प्रयोग नववी-दहावीच्या प्रत्येक वर्गाने करावा असा आहे.

रोज सकाळी चारशे मुले ज्या वाद्यामागे प्रार्थना म्हणतात, त्याच्या सुरावर त्यांचे कान घडत असतात. तो गंधार दहा वर्षे चढाच ऐकला, तर चढा गंधारच खरा वाटू लागतो. प्रश्न शाळेच्या खर्चापुरता नाही तो यासाठी.

हा वाद आपल्याच घरचा

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींविषयीची आपली पुस्तिका १९१० साली प्रसिद्ध केली. त्यांना थोर गायक अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य लाभले. ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाने याच विषयावर १९१३ साली ग्रंथ लिहिला. या मंडळींच्या प्रयत्नांतून श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली, आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना ही मांडणी पटली नाही. पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदीच घातली. ती १९७१ साली अंशतः उठली. अलीकडच्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती वाजवता येतील अशी हार्मोनियम घडवली.

या सर्वांपुढे अडचण होती ती धातूची. हार्मोनियमचा स्वर पितळेच्या पातीवर ठरतो. तो बदलायचा तर कारागिराने प्रत्येक पाती कानशीने घासायची. आवाजपेटीत पातीच नसते. स्वर हा केवळ एक अंक असतो. रोलँडच्या 'जीएस' आणि यामाहाच्या 'एक्सजी' पद्धतीच्या पेट्यांत सप्तकातल्या बाराही स्वरांना वेगवेगळे चढवण्या-उतरवण्याची सोय आहे. तिला स्केल ट्यूनिंग म्हणतात. जीएस पद्धतीत बारा स्वरांचा हा संपूर्ण निरोप बरोबर २२ बाइटचा असतो. श्रुतीही बावीसच, हा निव्वळ योगायोग. २२ बाइट तारेतून जायला ७ मिलिसेकंद लागतात. कारागिराचे दिवसभराचे काम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते!

शुद्ध स्वरांसाठी अंक असे : रिषभ ४ सेंट वर, गंधार १४ खाली, मध्यम २ खाली, पंचम २ वर, धैवत १६ खाली, निषाद १२ खाली. हे अंक भरून वरचा प्रयोग पुन्हा करा. गंधाराची खरखर जवळजवळ नाहीशी होते. ज्याने ती एकदा नाहीशी होताना ऐकली, त्याला 'सुरेल' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

कोणी म्हणेल, सारे जग समान भागांच्याच पट्टीवर वाजवते, मग आम्हीच का नको? आक्षेप रास्त आहे. चित्रपटगीत वाजवताना मध्येच पट्टी बदलावी लागते, अनेक स्वर एकत्र दाबावे लागतात. तिथे समान भागच बरे. वर दिलेले अंक पांढरी एकला सा मानून आहेत. सा बदलला की सगळे अंक सरकवावे लागतील. म्हणूनच मी दोन्ही सोयी असलेली पेटी घ्या म्हणतो. ज्या पेटीत स्केल ट्यूनिंग आहे तिच्यात समान पट्टी असतेच. उलट मात्र घडत नाही.

संगीतशिक्षक म्हणतील, राग काय अंकांनी गाता येतो? तेही खरे. धैवत ५/३ धरायचा की २७/१६, यावरच जाणत्यांचे एकमत नाही, आणि दोहोंत २१ सेंटांहून जास्त अंतर आहे. शिवाय मींड आणि आंदोलन कोणत्याही स्थिर अंकात मावत नाहीत. आवाजपेटी ही साथीला आहे, गुरुस्थानी नाही. गुरुस्थानी तंबोराच. पण साथ करणाऱ्याने निदान तंबोऱ्याशी भांडू नये, एवढी अपेक्षा रास्त नव्हे काय?

घ्यावी कशी?

किमती सतत बदलतात, म्हणून रुपयांचे आकडे देत नाही. क्रम मात्र सांगतो. पहिली पायरी फुकटाची. शाळेच्या संगणककक्षातला जुना संगणकही आवाजपेटीचे काम करू शकतो. फ्लुइडसिंथ यासारखी आज्ञावली मोफत मिळते, वाद्यांच्या नमुन्यांच्या 'साउंडफाँट' फायलीही मोफत मिळतात, आणि तिच्यातही स्वर हवे तसे जुळवता येतात. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो का, तेवढे तपासा. १० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चालेल. एवढ्यावर भागत असेल तर पैसे वाचवा आणि ग्रंथालयाला द्या.

संगणक नेणे-आणणे जमत नसेल तर वापरलेली आवाजपेटी शोधा. वाद्यवृंदवाल्यांकडे १९९० च्या दशकातल्या चांगल्या पेट्या अजून असतात. घेण्यापूर्वी बटणे फिरवताना खरखर होते का ते पाहा. मूळ अडॅप्टर आहे ना ते विचारा; व्होल्टेज आणि धन-ऋण टोके जुळल्याशिवाय दुसरा अडॅप्टर लावू नका. एका वेळी किती स्वर वाजतात तेही विचारा. जनरल मिडीत किमान २४ ठरलेले आहेत. प्रार्थनेला तेवढे पुरतात, पियानोच्या आवाजाला ६४ असलेले बरे.

जोडणीत एक खाचखळगा आहे. जुन्या कीबोर्डावर पाच टाचण्यांचे गोल मिडी आउट असेल तर ते पेटीच्या मिडी इनमध्ये सरळ जोडता येते. कीबोर्डावर फक्त यूएसबी असेल आणि पेटीवरही तसेच यूएसबी असेल, तर दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्ही पाहुणेच, चहा कोणी करायचा? मध्ये संगणक किंवा यूएसबी होस्ट असा यजमान लागतो. आणखी एक : अगदी स्वस्त मिडी-यूएसबी तारा तीन बाइटचे निरोप नीट पोचवतात, पण लांब निरोपात घोटाळा करतात. आपला २२ बाइटचा निरोप लांब जातीचा आहे. तो पोचतो की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहा.

नव्या पेटीची वेळ सर्वांत शेवटी. तेव्हा दुकानदाराला 'आवाज किती?' असे न विचारता 'स्केल ट्यूनिंग आहे का? वाजवून दाखवा' असे म्हणा. तो गोंधळला तर माहितीपुस्तिका मागा. त्यात उत्तर सापडते.

शिक्षकबंधुभगिनींनो, एक सुचवतो. खरेदी समितीची बैठक एक आठवडा पुढे ढकला. त्या आठवड्यात भौतिकीच्या आणि संगीताच्या शिक्षकांनी मिळून मुलांकडून विस्पंदांचा प्रयोग करून घ्यावा. मुलांनी मोजलेले अंक फळ्यावर लिहावेत, आणि मग कोणती वस्तू घ्यायची ते मुलांनीच समितीपुढे कारणांसह मांडावे. जाहिरातीतला मोठा आकडा आणि स्वतः मोजलेला छोटा आकडा यांत कोणाला किंमत द्यायची, हे ज्यांना शाळेतच कळले, त्यांना पुढे पंप घेताना, औषध घेताना किंवा मत देतानाही ते उपयोगी पडेल.